गावातलं काम शाळेच्या वेळापत्रकात कसं बसवायचं? कोकणातल्या शिक्षक-पालकांसाठी सविस्तर

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पेपरात ठरलेली बातमी येते, कोकण विभाग राज्यात पहिला. 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82 टक्के. 2012 मध्ये रत्नागिरीला वेगळं विभागीय मंडळ झालं आणि तेव्हापासून आपण वरच आहोत. अभिमान आहेच, नाही कोण म्हणतंय. पण त्याच गावात जरा फेरी मारा. आंब्याच्या बागेत राखणीला आणि फवारणीला नेपाळी गडी, बोटीवर बाहेरून आलेले खलाशी, चिऱ्याचं बांधकाम करायला परराज्यातले गवंडी, आणि घरातला पंप बिघडला तर तालुक्याहून वायरमन येईपर्यंत विहिरीवरून कळशीने पाणी. आणि 99 टक्क्यांतला आपला पोरगा कुठे असतो, तर मुंबईत कुठल्यातरी मॉलच्या काउंटरवर नाहीतर कुरिअरच्या बाईकवर.

मुंबईला जाण्यात वाईट काही नाही, माझं म्हणणं वेगळं आहे. तो पोरगा निवड करून गेलेला नसतो, त्याला दुसरं काही दिसलेलंच नसतं. सोळाव्या वर्षी त्याला लाईटचं बिल वाचता येत नाही, स्वतःच्या घराचा सातबारा कळत नाही, अनोळखी माणसाला फोन करून दोन वाक्यं नीट बोलायची म्हटलं की घाम फुटतो. दहा वर्षं शाळेत बसून हे राहिलंच कसं?

यावर नवीन विषय, नवीन इमारत, नवीन अ‍ॅप यातलं काही लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आठवड्यातला एक दिवस, अगदीच नाही जमलं तर अर्धा दिवस, गावातलं खरंखुरं काम शाळेत आणायचं आणि ते काम मोजून, तोलून, हिशोब लिहून करायचं. बस. आता ते कसं करायचं ते सांगतो. आठवी-नववी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, सहावी-सातवीला हेच थोडं हलकं करून चालतं.

वरून परवानगी आहे का, हा पहिला प्रश्न

बैठकीत हा विषय काढला की कोणीतरी हमखास म्हणतो, "हे अभ्यासक्रमात बसत नाही." बसतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकणं हे सरळ लिहिलेलं आहे. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात व्यावसायिक शिक्षण सहावीपासून धरलंय. आणि कल्पना काही आजची नाही, हातकामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम 1937 च्या वर्धा परिषदेतली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा कार्यक्रम महाराष्ट्रातल्या बऱ्याच हायस्कुलांत चालला. आठवड्यातला एक दिवस हातकाम आणि त्यात चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. गावातलाच कारागीर शिकवणारा आणि गावाला लागणारी सेवा मुलांनी शिकता शिकता द्यायची, अशी त्याची रचना. म्हणजे करून बघितलेली गोष्ट आहे, कोणाला घाबरायचं कारण नाही.

कागदावर मात्र नीट आणा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या आणि शाळा विकास आराखड्यात एक परिच्छेद टाका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे ठराव झाला की तो पालकांचाच ठराव झाला. आठवीपुढचे वर्ग असलेल्या खाजगी हायस्कुलात संस्थेची संमतीही लागेल. केंद्रप्रमुखांना एक प्रत द्या. नंतर कोणी तपासणीला आलं की हाच कागद उपयोगी पडतो.

पहिली पायरी: मुलांकडूनच गावातल्या कामांची यादी करून घ्या

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या दोन आठवड्यांत हे उरका. चार-चार मुलांचे गट करा, वाड्या वाटून द्या. प्रत्येक घरी तीनच प्रश्न: तुमच्या घरी कोण काय काम करतं, कुठल्या कामाला बाहेरून माणूस आणावा लागतो, आणि कुठल्या कामासाठी माणूस मिळतच नाही. उत्पन्न विचारायचं नाही, लोक बिथरतात आणि खरंही सांगत नाहीत. मजुरीचा दर मात्र विचारा, तो सगळे खुशीने सांगतात, वर "परवडत नाही" हेही ऐकवतात.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात खरा माल असतो. फ्रीज-एसी दुरुस्ती, पंप बसवणं, माडावर चढणारा माणूस (नारळ पाडायला पाडेली मिळत नाही ही तक्रार बहुतेक गावांत आहे), बोटीच्या इंजिनाचा मेकॅनिक, कलमं छाटणारा, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारी बाई, होमस्टेचं ऑनलाईन बुकिंग सांभाळणारं कोणी. ही यादी मोठ्या चार्टवर लिहून व्हरांड्यात लावा. पालक दाखला न्यायला येतात तेव्हा उभे राहून वाचतात आणि आपल्याकडे एवढी कामं पडून आहेत हे तिथेच त्यांच्या लक्षात येतं.

दुसरी पायरी: त्यातली तीनच कामं निवडा

हौसेने दहा कामं घेऊ नका, दिवाळीपर्यंत सगळं बारगळतं. राष्ट्रीय आराखड्यात कामांचे तीन प्रकार केलेत आणि ते सोयीचे आहेत: सजीवांशी संबंधित काम, यंत्रं आणि साहित्याचं काम, माणसांच्या सेवेचं काम. प्रत्येकातलं एक घ्या. किनाऱ्यावरचं गाव असेल तर मासळी निवडणं-सुकवणं, इंजिन आणि वायरिंग, पर्यटकांची व्यवस्था. सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) किंवा आतलं गाव असेल तर काजू-आंब्याची रोपवाटिका, चिऱ्याचं मोजमाप आणि बांधकाम, गावातल्या ज्येष्ठांची बीपी-शुगरची नोंद ठेवणं. ही शेवटची गोष्ट आशाताईंच्या मदतीने मस्त होते, मुलं यंत्र लावणं आणि आकडा लिहिणं शिकतात, सुया टोचायच्या नाहीत अर्थात.

निवडताना एकच कसोटी लावा, या कामात मोजायला, लिहायला आणि बोलायला काही आहे का? नुसते कागदी आकाशकंदील आणि टाकाऊतून टिकाऊ यात आपली बरीच वर्षं गेली. त्यातनं पोरं काही शिकली असतील तर मला दाखवा.

तिसरी पायरी: कॅलेंडर, कारण इथेच बहुतेक शाळा अडकतात

कोकणात अडचण अशी की कामाचा खरा हंगाम मार्च ते मे. काजू, आंबा, कोकम सगळं तेव्हाच आणि नेमकी तेव्हा परीक्षा आणि सुट्टी. त्यामुळे पुण्या-नाशकाच्या शाळेचं वेळापत्रक उचलून इथे चालत नाही, आपलं आपल्यालाच बसवावं लागतं.

जून-जुलैमध्ये 61 दिवस मासेमारी बंद असते, 1 जून ते 31 जुलै. होड्या किनाऱ्यावर ओढून झापाखाली, तांडेल (बोट चालवणारा मुख्य खलाशी) आणि मेकॅनिक गावात मोकळे. इंजिन उघडून बघायला, जाळं शिवायला, आस (जाळ्याच्या भोकाचं माप) कशी मोजतात ते शिकायला याहून चांगली वेळ नाही, नारळी पौर्णिमा झाली की यातलं कोणी हाताला लागणार नाही. याच दिवसांत भाताची लावणी आणि याच दिवसांत कलमं. आंब्याचं कोय कलम, काजूचं मृदुकाष्ठ कलम पावसाळ्याच्या दमट हवेत चांगलं लागतं. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि त्यांचं वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र यांच्याकडे काजूच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जातींची माहिती आणि कलमं दोन्ही मिळतात, तालुका कृषी अधिकाऱ्यामार्फत पत्र दिलंत तर माणूसही भेटतो. प्रत्येक मुलाने दहा कलमं बांधायची, किती जगली ते ऑक्टोबरमध्ये मोजायचं. दहातली तीन जगली तर तीन लिहायचं, सात लिहायची नाहीत.

गणपतीत अभ्यास होत नाही हे मान्य करून टाका आणि मुंबईला नोकरी करणारे चाकरमानी गावात आहेत त्याचा फायदा घ्या, त्यावर शेवटी लिहिलंय. ऑक्टोबरात भातकापणी. दिवाळीनंतर पर्यटक येतात, तेव्हा सेवेचं काम. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहर, थ्रिप्स आणि तुडतुडे या किडी ओळखणं, फवारणीचं वेळापत्रक वाचणं. वाचणंच फक्त, औषध मुलांच्या हातात द्यायचं नाही. फेब्रुवारीपासून नववीच्या मुलांपुरतं काजूचं काम, आणि मे महिन्यात ज्यांच्या घरी बाग किंवा कोकम आहे त्यांना सुट्टीचा अभ्यास म्हणून फक्त नोंदवही.

दिवस शक्यतो शनिवार ठेवू नका. शनिवार आधीच अर्धा असतो आणि मग हे काम म्हणजे खेळाचा तास होऊन बसतं. बुधवार-गुरुवार बरा.

चौथी पायरी: उस्ताद कुठनं आणायचा आणि त्याला कसं बोलतं करायचं

गावातला मेकॅनिक, सुतार, कोळीण, बागायतदार, होमस्टेवाली काकू, यांच्यापैकी कोणालाही वर्गात उभं करून "मुलांना मार्गदर्शन करा" म्हटलंत तर ते दोन मिनिटं बोलून गप्प होतात. शिक्षण महत्त्वाचं आहे, आईवडिलांचं ऐका, संपलं. त्यांना वर्गात आणू नका, मुलांना त्यांच्या कामाच्या जागी न्या. हात चालू असले की ती माणसं आपोआप बोलतात.

शिक्षकाचं काम तिथे प्रश्न विचारायचं. "दादा, हा नट एवढाच का आवळला?" "मावशी, ही सुरमई मागे का ठेवली?" त्याला जे हाताला कळतं ते तोंडाने सांगायची सवय नसते, ते तुम्ही खणून काढायचं. हर्णैच्या किंवा मालवणच्या बंदरावर लिलाव बघायला मुलांना नेलंत तर नुसतं बघून परत आणू नका. प्रत्येक गटाला एक मासा द्या, बोली कुठून सुरू झाली, कुठे थांबली, घेणारा कोण, बर्फ कोणाचा, हे लिहून आणायचं. आणि आधी एकदा तुम्ही स्वतः जाऊन तिथल्या बायकांशी बोलून या, त्यांच्या धंद्याच्या वेळेत वीस पोरं पायात आली तर शिव्या पडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

मानधन द्या. फुकटात कोणी एकदा येतो, दुसऱ्यांदा येत नाही. त्याची दिवसाची मजुरी बुडते तेवढी तरी भरून निघाली पाहिजे. पैसे कुठनं? प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असतं, देवळाच्या सभामंडपाला ते लाखांनी वर्गणी काढतं, त्यातला अगदी थोडा भाग शाळेच्या उस्तादांसाठी मागायला लाजू नका. पत्रात "शैक्षणिक मदत" असं गुळमुळीत लिहू नका. अमुक उस्ताद, अमुक महिने, महिन्याला अमुक रुपये, असं लिहा, मग पैसे येतात. हत्यारांसाठीही तसंच, यादी द्या: मल्टीमीटर, टेस्टर, पान्यांचा सेट, दहा किलोचा काटा, टेप, सिकेटर (छाटणीची कात्री), कलमाचे चाकू. वजनकाटा सगळ्यात आधी घ्या.

पाचवी पायरी: सुरक्षितता आणि कायदा, यात सूट नाही

14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे, 2016 ला कायदा दुरुस्त झाला तेव्हा 14 ते 18 वयालाही धोकादायक कामातून बाहेर काढलं. शाळा जे करते ते शिक्षण आहे हे दिसलं पाहिजे आणि खरंच तसं असलंही पाहिजे. म्हणून काही गोष्टी पक्क्या ठरवून टाका. एका ठिकाणी दोन-तीन तासांपेक्षा जास्त नाही. उत्पादन विकलं तर पैसे शाळेच्या हिशोबात, उस्तादाच्या खिशात नाही. तीच तीच कामं (नुसती काजू सोलणं, नुसतं झाडणं) पुन्हा पुन्हा करून घेतली जात असतील तर तिथून मुलं काढून घ्या, त्याला मजुरी म्हणतात.

समुद्रात बोटीवर मुलं न्यायची नाहीत, जे शिकायचं ते किनाऱ्यावर. मेन स्विच बंद केल्याशिवाय वायरिंगला हात नाही, आणि सुरुवात बॅटरीवर चालणाऱ्या जोडणीपासून. काजूच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, हातमोजे नसतील तर कच्चा काजू फोडायचा नाही, हाताला आधी खोबरेल लावायची आपली घरगुती पद्धतही मोज्यांच्या जोडीलाच, त्यांच्याऐवजी नाही. मूल कुठल्याही उस्तादाकडे एकटं पाठवायचं नाही, दोन मोठी माणसं हवीतच, त्यात एक शिक्षक, मुली असतील तर एक बाई. पालकांची लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीला घ्या. 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर भिंतीवर असू दे आणि तो कशासाठी आहे हे मुलांना तोंडाने सांगा.

सहावी पायरी: पुस्तकाशी जोडा, नाहीतर ही नुसती सहल

इथे सगळ्यात जास्त मेहनत आहे आणि मजाही इथेच आहे. काजूचं उदाहरण घेऊ.

पाच किलो काजू बी आणली, दर 130 रुपये धरू, म्हणजे 650. सोलल्यावर गर साधारण पाव हिस्सा ते तीस टक्के निघतो. आपल्याला 1.4 किलो मिळाला असं धरू, म्हणजे 28 टक्के. गराचा भाव 800 धरला तर 1120 रुपये. वजा बी 650, राहिले 470. त्यातनं गॅस 60 आणि पिशव्या-लेबल 40, राहिले 370. पोरं इथे उड्या मारतात, 370 फायदा! आता विचारा, किती जण किती तास बसले? चार जण, तीन तास, म्हणजे बारा तासांचं काम. 370 भागिले 12, तासाला 31 रुपयेसुद्धा पूर्ण नाहीत. वर्ग शांत होतो.

मग खरे प्रश्न सुरू होतात. अख्ख्या गराला जास्त भाव आणि तुकड्याला कमी, मग आपले तुकडे किती टक्के झाले? वाफ नीट दिली असती तर कमी झाले असते का? हाताऐवजी कटर घेतलं तर किती दिवसांत पैसे वसूल? पाच किलोऐवजी पन्नास किलो केली तर लेबलचा खर्च किलोमागे किती उतरेल? शेकडेवारी, सरासरी, नफा-तोटा, सगळं पुस्तकातलंच आहे, फक्त इथे उत्तर चुकलं तर पैसे जातात. दर तुमच्या गावचे त्या आठवड्याचे घ्या, वर मी धरलेले वापरू नका.

वीज घ्या. 60 वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास, महिन्याला 9 युनिट. 9 वॅटचा एलईडी तेवढाच वेळ, 1.35 युनिट. तीन हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे साधारण 2.2 किलोवॅट, दोन तास चालला की साडेचार युनिट गेली. प्रत्येकाने घरचं महावितरणचं बिल आणायचं, स्थिर आकार कुठला, युनिटचे टप्पे कुठले, मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग यातला फरक बरोबर आहे का. कोणाच्या ना कोणाच्या बिलात सरासरी रीडिंग टाकलेलं सापडतंच, मग त्याचा तक्रार अर्ज मराठीच्या तासाला लिहायचा. खरा अर्ज, खऱ्या सहीने, आणि पाठवायचासुद्धा. पत्रलेखनाच्या मार्कांपेक्षा हे पोरांना कितीतरी जास्त लक्षात राहतं.

आणि सातबारा. मला विचाराल तर कोकणातल्या प्रत्येक नववीतल्या पोराला सातबारा वाचता आला पाहिजे, यावर मी भांडायला तयार आहे. आपल्याकडे एकेका सर्व्हे नंबरवर दहा-पंधरा नावं, आजोबांच्या भावाची, मुंबईतल्या आत्याची, वारलेल्यांचीसुद्धा. निम्मी गावं या सामायिक जमिनीच्या कटकटीपायी पडीक आहेत. गाव नमुना सात म्हणजे मालकी आणि हक्क, बारा म्हणजे पिकांची नोंद, आठ अ म्हणजे एका खातेदाराची गावातली एकूण जमीन, फेरफार म्हणजे नावात बदल का झाला त्याची नोंद. हेक्टर-आर वाचणं, आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. सरकारी वेबसाइटवर विनास्वाक्षरी सातबारा फुकट बघता येतो, मोबाईलवर काढा आणि वर्गात वाचा. फक्त कोणाच्या घरचे वाद वर्गात उघडे करू नका, शाळेच्या स्वतःच्या जमिनीचा उतारा वापरा. तोही पुष्कळदा मजेशीर निघतो.

हे सगळं चालू असताना बोलण्याचा सराव आत घुसवायचा. काटा घ्यायला तालुक्याच्या दुकानात फोन कोण करणार? मुलं करणार, स्पीकरवर, आधी कागदावर चार ओळी लिहून. पर्यटकाशी हिंदी-इंग्रजीत बोलायचंय तर होमस्टेवाल्या काकूंकडे जाऊन खोलीचं भाडं, जेवणाची वेळ, बीचवर पोहायचं कुठे नाही, एवढंच बोलायचं. व्याकरण चुकू दे. पैशाचंही तसंच: दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, गावातल्या शाखेत जाऊन विचारा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही आणि फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन, हे मुलांनी घरी जाऊन आजीला शिकवायचं, फसते ती आजीच.

विरोध होणार, तो असा

पालक म्हणतील, "आमी पोराक कोयतो धरूक शाळेत धाडूक नाय." यात चूक काही नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोयता धरला त्यांना पोराच्या हातात पेन हवं असणं साहजिक आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, काजूच्या हिशोबाची वही दाखवा. पोरगं कोयता धरतंय त्यापेक्षा कोयत्याचा हिशोब मांडतंय हे दिसलं की सूर बदलतो.

जात आणि बाई-पुरुष हा त्याहून अवघड भाग आणि त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मासळीच्या कामाला गाबीत-खारव्यांची पोरं, लावणीला कुणब्यांची, कॉम्प्युटरला उरलेली, असं न बोलता घडतं. मुली आपोआप स्वयंपाकात आणि मुलगे वायरिंगमध्ये. म्हणून गट चिठ्ठी टाकून करा आणि महिन्याने फिरवा, प्रत्येकाने तिन्ही कामं करायची. आणि ज्याच्या घरी ते काम आहे त्याला त्या दिवशी शिकवणारा करा. मागच्या बाकावर गप्प बसणारा पोरगा जाळ्याची गाठ दाखवताना सगळ्या वर्गाला दरडावतो, ते बघण्यासारखं असतं.

दहावीच्या शिक्षकांना निकालाची भीती असते. दहावीला महिन्यातून एकदाच ठेवा, आग्रह धरू नका. खरं काम आठवी-नववीतच होतं.

दोन शिक्षकी, कमी पटाची शाळा असेल तर उलट सोपं आहे. पंधरा मुलं एका उस्तादाकडे सहज मावतात. केंद्रातल्या दोन-तीन शाळांनी मिळून एक उस्ताद आणि हत्यारांची एक पेटी फिरती ठेवली तरी चालतं.

मार्क द्यायचे की नाही

देऊ नका. प्रत्येक मुलाची एक वही, त्यात तारीख, काय केलं, आकृती, मोजमाप, हिशोब आणि "काय बिघडलं" असा एक रकाना. हा रकाना रिकामा असेल तर वही परत करायची. सत्राच्या शेवटी गावातला एखादा असा माणूस बोलवा ज्याला त्या कामातलं काही कळत नाही, पोस्टमन असेल, बँकेतला क्लार्क असेल. मुलाने त्याला पाच मिनिटांत ते काम समजावायचं. त्याला समजलं तर मूल पास.

मुख्याध्यापकांची बदली झाली की असे उपक्रम दुसऱ्याच वर्षी मरतात, म्हणून वह्या, उस्तादांची यादी, कोणाला किती मानधन दिलं, हत्यारांची नोंद, हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि फाईल समितीच्या अध्यक्षांकडे द्या. शाळेच्या कपाटात ठेवलेली फाईल सापडत नाही.

दहावीनंतरचा नकाशा, आणि चाकरमान्यांचा तास

नववीच्या शेवटी मुलांकडूनच तालुक्याचा नकाशा करून घ्या: आयटीआय कुठे आणि तिथे कुठले ट्रेड, तंत्रनिकेतन कुठलं (रत्नागिरीला आहे, मालवणला आहे), कृषी पदविका कुठे, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय बारावी सायन्सनंतर. प्रत्येकापुढे फी, एसटीचं भाडं, हॉस्टेल आणि शेवटची तारीख. आयटीआयला "नापासांची जागा" समजणं बंद करा आधी. एसी-फ्रीजचा ट्रेड केलेल्या पोराला आज किनाऱ्यावरची हॉटेलं आणि होमस्टे पुरून उरतील.

मर्चंट नेव्हीबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण किनाऱ्यावरच्या पोरांना या नावाखाली खूप फसवलं जातं. खलाशी वर्गासाठीचा जीपी रेटिंग हा दहावीनंतरचा सहा महिन्यांचा निवासी कोर्स आहे. संस्था डीजी शिपिंगची (केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाची) मान्यताप्राप्त आहे का ते त्यांच्या वेबसाइटवरच बघायचं, आणि जहाजावर नोकरी लावणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल हा खलाशी-भरतीचा सरकारी परवाना लागतो. नोकरी लावायचे पैसे मागणारा एजंट कायदा मोडतोय, मग तो कितीही ओळखीचा असो आणि त्याच्या ऑफिसात कितीही जहाजांचे फोटो असोत. ही तपासणी वर्गात सगळ्यांसमोर एकदा करून दाखवा.

आणि आता गणपतीतला तो तास. आरत्यांच्या मधल्या वेळात, दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात चार-पाच चाकरमानी बोलवा, वेगवेगळ्या वयाचे, त्यात एक तरी बाई. भाषण नको. प्रश्न मुलांनी आधी लिहून आणायचे आणि ते असे: हातात पगार किती येतो, खोलीचं भाडं किती, खोलीत किती जण, लोकलमध्ये रोज किती वेळ, पहिली नोकरी कोणी लावली, आजारी पडलात तर कोण बघतं, काय शिकून गेला असतात तर बरं झालं असतं. पगार सांगायला लोक आधी लाजतात, मग एक जण सांगतो आणि बाकीचे सुरू होतात. त्याच आठवड्यात हेच प्रश्न गावात राहून होमस्टे, बाग नाहीतर गॅरेज चालवणाऱ्या दोघा-तिघांना विचारायचे, प्रवासाच्या वेळेच्या जागी हंगाम बुडाला तर काय करता हा प्रश्न घालून. दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाका. खाली तुमचं मत लिहू नका.